पंजा खाली वळवून

आमच्या घरात मांजराला मान नव्हता. वडील कामाला निघाले आणि मांजर आडवं गेलं, की ते मागं फिरून उंबऱ्याच्या आत येत, घोटभर पाणी पीत आणि मग पुन्हा निघत. तरी आज्जीच्या चुलीमागं मनी आठ वर्षं नांदली. ती गेली तेव्हा आज्जीनं परड्यात खड्डा काढून तिला पुरलं आणि वर एक फुटकं खापर उपडं घातलं. ‘बाबांना सांगू नकोस,’ एवढंच मला बजावलं.

हे सगळं आठवायचं कारण जपानातलं तोकोनामे गाव. लेक नागोयाला असते. मे महिन्यात तिच्याकडं गेले होते, तेव्हा एका रविवारी नात हट्टच धरून बसली, की आज्जीला तिथला मांजरांचा रस्ता दाखवायचा. नागोयाचा विमानतळ 2005 साली समुद्रात भर घालून सुरू झाला, तो याच गावासमोर. त्यामुळं प्रवासी या गावावरून जातात, पण उतरणारे थोडेच.

स्टेशनपासून थोडं चाललं, की रस्त्याच्या कडेनं काँक्रीटची उंच भिंत लागते. तिच्यावर भाजलेल्या मातीची 39 मांजरं ओळीनं बसवली आहेत, एकेक वेगळ्या कलाकारानं घडवलेलं. कुणी घराच्या खुशालीसाठी, कुणी सुखरूप बाळंतपणासाठी. प्रत्येकाचं खातं निराळं, आपल्याकडच्या देवांसारखं. गुबगुबीत अंग, बटबटीत डोळे आणि पोटाशी सोन्याची मोहर हे हात उंचावून बोलावणाऱ्या मांजराचं रूप याच गावातून जपानभर गेलं. एरवी ती प्लास्टरच्या साच्यात ओतून करतात, एकासारखं दुसरं. भिंतीवरची मात्र एकमेकांना ओळख देणार नाहीत इतकी वेगळी. वर कठड्याआडून एक अवाढव्य मांजर डोकावतं, 3.8 मीटर उंच आणि 6.3 मीटर रुंद. सगळे त्याचेच फोटो काढत होते. मला ते जरा जत्रेतलं वाटलं.

मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच मांजरांनी. मधूनमधून 11 मांजरं अगदी खऱ्यासारखी केलेली आहेत. ती काही मागत नाहीत, काही देत नाहीत. गल्लीतली मांजरं दुपारी जशी असतात, तशी आहेत झालं. मी त्यातल्या एकाकडं बघत असतानाच समोरून एक खरंखुरं मांजर रस्ता ओलांडून गेलं आणि माझे पाय आपोआप थांबले.

“आज्जी, चल ना.”

“थांब जरा. मांजर आडवं गेलं.”

“अगं, इथं पन्नास मांजरं आहेत! मग आपण घरी कधी जाणार?”

पुढं चढणीची वाट आहे. तिथं गावाचा खरा धंदा कळतो. वाटेच्या एका बाजूच्या भिंतीत मेइजी काळातले मातीचे सांडपाण्याचे पाइप रचलेत, दुसऱ्या बाजूला दारूचे जुने बुधले. पाय घसरू नये म्हणून वाटेत भाजलेल्या कड्या पुरल्यात, पाइप भाजताना लागणाऱ्या. आव्यातलं काही वाया घालवायचं नाही, हा कुंभाराचा स्वभाव आमच्या कोल्हापुरात आणि तिथंही सारखाच. वर 1887 ची भट्टी आहे, डोंगराच्या उतारावर चढत गेलेल्या आठ खोल्या आणि वर दहा धुराडी. 1974 नंतर ती पेटलेली नाही.

उतरताना एका छोट्या दुकानाच्या दारातून एका म्हाताऱ्या बाईनं मला हाक मारली. म्हणजे बोलली काहीच नाही, हात वर करून पंजा खाली वळवून हलवला. मी सरळ आत गेले. लेक हसायला लागली. तिच्या ऑफिसातल्या अमेरिकन माणसाला ही खूण ‘जा, टाटा’ अशी वाटते म्हणे. परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी कधीकधी मांजराचा पंजा मुद्दाम उलटा वळवून घडवतात. आपल्याला कशाला शिकवायला पाहिजे? आपण आयुष्यभर असंच बोलावत आलोय.

बाईंची लाल मातीची चहाची किटली बघून मला शाहूपुरीची कुंभार गल्ली आठवली. लेकीला मध्ये घालून मी त्यांना बेंदराच्या बैलांचं सांगितलं. कच्च्याच मातीचे, पाटावर मांडायचे, पुरणपोळी दाखवायची. त्यांनी विचारलं, “भाजत का नाही?” मी म्हटलं, “पुढच्या वर्षी नवे येतात.” हे त्यांना काही पटलं नाही. त्यांनी एक मांजर उलटं करून आतली पोकळी दाखवली आणि तळाच्या भोकावर बोट ठेवलं. आतली हवा, ओल बाहेर पडायला वाट नसेल तर भट्टीत फुटतं. मग जिभेनं ‘ठप्प’ असा आवाज केला. हे सांगायला दुभाषी लागली नाही.

ते मांजर मी घेतलं. बोटभर उंचीचं, डावा पंजा वर. उजवा पंजा पैसे बोलावतो आणि डावा माणसं, असं लेकीनं सांगितलं, म्हणून डावा.

आषाढात बेंदराला पाटावर बैलजोडी मांडली आणि शेजारी ते ठेवलं. संध्याकाळी शेजारच्या वहिनी हळदीकुंकू घेऊन आल्या. बैलांना लावलं आणि बोट तसंच धरून थांबल्या.

“वहिनी, ह्याला पण लावू काय?”

“लावा की.”

त्यांनी लावलं. मग जाताजाता म्हणाल्या, “आमच्या ह्यांना सांगू नका हं.”