भूक नाही

जेवणाच्या बाबतीत नखरे करणारी माणसे प्रत्येक घरात एकदोन असतातच. खानदेशात राहून वांग्याच्या भरिताला नाक मुरडणारा एक भाचा मलाही आहे. पण नखरेल मासे पाळण्याचा योग आला, तो चिरंजीवांनी चाळीसगावच्या आमच्या घरात काचेची टाकी आणून ठेवली तेव्हा.

हे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे. त्यांना म्बुना म्हणतात. कूळ सिक्लिडांचे. गोव्यातला कालुंदर आणि आपल्या बाजारात चिलापी म्हणून विकला जाणारा तिलापिया हे त्यांचे भाऊबंद. तिलापियाही मूळचा आफ्रिकेचाच. १९५२ साली तो आपल्या देशात आला.

घराच्या बाबतीत या पाहुण्यांनी फारसे छळले नाही. मलावीचे पाणी जड. आमच्या विहिरीचे पाणीही इतके जड, की त्यात डाळ शिजता शिजत नाही. ज्या पाण्याला सौभाग्यवती वीस वर्षे नावे ठेवीत आल्या, ते यांना अमृतासारखे मानवले! तितूर नदीच्या पात्रातले काळे दगड चिरंजीवांनी घासून धुतले आणि मध्ये कपारी राहतील असे रचले. प्रत्येकाला आपली कपार हवी. ती नसली, की यांची भाऊबंदकी थेट जिवावर उठते. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचे आणि वैशाखात टाकीवर पंखा सोडायचा, एवढे केले की झाले.

खाण्याचे मात्र अवघड. दगडावरचे शेवाळ खरडून खाणारी ही जात, आतडे लांब. लाडाने अळ्या-किडे फार घातले, तर पोट फुगून मरायची. म्हणून उकडलेला पालक, सोललेला मटार, आणि तोही बेताने.

श्रावणात एका पिवळ्या मादीने अन्नच सोडले. बाकीचे पालकावर तुटून पडत. ही कपारीत तोंड मिटून बसे. आठ दिवस गेले. चिरंजीवांचेही जेवणात लक्ष लागेना. तेव्हा आई टाकीपाशी आली. मादीच्या गळ्याखालचा फुगवटा तिने निरखून पाहिला आणि म्हणाली, “तिना तोंडमा पोरे शेतस. ती काय खाई?”

तसेच होते. अंडी घातली की म्बुना मादी ती तोंडात घेते आणि पिले पोहू लागेपर्यंत, सुमारे तीन आठवडे, जवळजवळ उपाशी राहते. पुढे दगडांच्या फटींतून नखाएवढी अकरा पिले बाहेर आली. आईने पालक चुरून टाकला. मादीने तो अधाशासारखा खाल्ला.

आईला मत्स्यशास्त्र कुणी शिकवलेले नाही. आम्ही पाच भावंडे, वडिलांचा पगार तुटपुंजा. दिवाळीत करंज्यांचा डबा तळाशी आला, की ती म्हणायची, “माले भूक नही.” तिला गोड आवडत नाही, असेच आमच्या घरात सगळे सांगत.

यंदा लक्ष्मीपूजनाला पहिले ताट आईचे वाढायचे, असे सौभाग्यवतींनी ठरवले आहे. आई ऐकेल, असे लक्षण मात्र दिसत नाही.