बोर्डातली नोकरी

मारुंजीत कुणी "मोठ्या कंपनीत नोकरी लागली" म्हणालं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शेजारची हिंजवडीच येते. काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्र, एसी बस. त्यामुळे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा महावितरणमध्ये विद्युत सहायक म्हणून निवडला गेला, तेव्हा घरात आनंदापेक्षा शंकाच जास्त निघाल्या. खांबावर चढावं लागतं का? रात्री-अपरात्री जावं लागतं का? पहिली तीन वर्षं नुसतं मानधन, पुढे काय? "बाई, तुम्ही आयुष्यभर जवळून बघितलंय. खरं काय ते सांगा," ती फोनवर म्हणाली. तिला जमेल तेवढं सांगितलं, पण फोनवर न मावणारं बरंच मागे उरलं. ते इथे लिहिते आहे.

आमचे हे १९७० साली वीज मंडळात हेल्पर म्हणून लागले आणि ३१ मे २००५ ला निवृत्त झाले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० ला स्थापन झालं. म्हणजे हे लागले तेव्हा मंडळ जेमतेम दहा वर्षांचं होतं. आणि हे निवृत्त झाल्यावर सहाव्याच दिवशी, ६ जून २००५ ला, ते मंडळच राहिलं नाही! २००३ च्या वीज कायद्यानुसार त्याच्या कंपन्या झाल्या. वीज तयार करणारी महानिर्मिती, मोठ्या वाहिन्यांवरून वाहून नेणारी महापारेषण, घरोघरी पोचवणारी महावितरण आणि या सगळ्यांच्या वर एक सूत्रधारी कंपनी. घरात थट्टा चालायची, की यांनी खुर्ची सोडली म्हणून मंडळ मोडलं. पण लोकांच्या तोंडी अजूनही "बोर्ड"च आहे, आणि वीज नाही, "लाईट"च जाते.

सुरुवातीच्या वर्षांत मुळशी-मावळात काम म्हणजे मुख्यत्वे खांब उभे करणं. रस्ता असेल तिथपर्यंत बैलगाडी, पुढे माणसांचे खांदे. या भागाची एक गंमत, गंमत कसली, शल्यच म्हणा. मुळशीचं धरण टाटांनी बांधलं ते विजेसाठी. त्याविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ पर्यंत सत्याग्रह झाला. धरण झालंच आणि १९२७ पासून त्या पाण्यावर कोकणात भिऱ्याला वीज तयार होऊन मुंबईकडे जाऊ लागली. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं कंदीलच होता. म्हणून एखाद्या वाडीत पहिला दिवा लागला, की हे घरी येऊन त्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे कसे दिसले ते सांगत बसायचे. नोकरीतला निखळ आनंदाचा भाग तेवढाच, असं ते अजूनही म्हणतात.

एवढ्या मोठ्या संस्थेत काम करणं कसं असतं? बाहेरून वाटतं, अवाढव्य कारभार, फायली, हुकूम, बदल्या. ते सगळं असतंच. आज महावितरणचे पावणेतीन कोटींहून अधिक ग्राहक आहेत. पण खांबावर चढणाऱ्या माणसापुरती ही सगळी कंपनी एका कागदाएवढी होते. त्या कागदाला म्हणतात परमिट, किंवा बोलताना "लाईन क्लिअर".

शाळेत शिकवते तसं सांगते. वाहिनीवर काम करायचं असलं, की आधी सब-स्टेशनमधल्या ऑपरेटरकडे परमिट मागायचं. तो त्या फीडरचा ब्रेकर बंद करतो, स्विच उघडतो, तिथे "माणसं काम करत आहेत" अशी पाटी लावतो आणि वहीत वेळ टाकून सही करतो. मग खांबाखाली उभा असलेला माणूस तारेत वीज नाही ना, हे तपासतो. तारा एकमेकींना आणि जमिनीला साखळीने जोडतो, तीही काम चालू असलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना. मगच वर चढायचं. काम झालं, सगळे खाली उतरले, साखळ्या काढल्या, की ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून लाईन चालू करायची नाही, मग तो सांगणारा साहेब असो की आमदार!

यातली खरी गोष्ट अशी, की वर चढलेल्या माणसाला तो ऑपरेटर दिसत नसतो. दहा-बारा किलोमीटरवर कुठेतरी खोलीत बसलेल्या माणसाच्या एका सहीवर विश्वास ठेवून हा बावीस हजार व्होल्टच्या तारेला हात लावतो. हे सांगायचे, "बायकोवर नसेल इतका भरवसा ऑपरेटरवर ठेवावा लागतो." मी रागवायची. पण त्यांच्या एका ऑपरेटर मित्राकडून दुसरी बाजूही ऐकली आहे. परमिट दिलेल्या दिवशी तो डबा उघडायचा नाही. समोर फोन सारखा वाजत असायचा, लोक "लाईट कधी येणार" म्हणून वाटेल ते बोलत असायचे, आणि त्याचं लक्ष मात्र त्या पाटीकडे. परमिट परत आलं की मगच जेवण.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. १९८८-८९ चा सुमार असेल. एका गावात लग्नाच्या दिवसांत वादळाने तार तुटली होती. परमिट घेतलेलं, वाहिनी बंद, सगळं रीतसर. हे खांबावर. इतक्यात खालच्या साखळीशी मोठा आवाज होऊन ठिणग्या उडाल्या. कुणी म्हणेल, सब-स्टेशनमधून लाईन चालू झाली. तसं नव्हतं. गावातल्या एका मांडवात भाड्याने आणलेलं जनरेटर कुणीतरी सरळ घराच्या वायरिंगला जोडून सुरू केलं होतं. मेन स्विच बंद केलेला नव्हता. ती वीज घरातून उलटी बाहेर पडली आणि खांबावरच्या तारेत आली. दुसऱ्या बाजूची साखळी लावलेली होती म्हणून ती जमिनीत गेली. नाहीतर...

त्या रात्री हे घरी आले, हातपाय धुतले, जेवले आणि मुलाला सातचा पाढा म्हणायला लावून झोपले. मला ही गोष्ट आठ दिवसांनी त्यांच्या हेल्परकडून कळली.

ही उलटी वीज फार वाईट. जनरेटरमधून निघते तेव्हा ती घरगुतीच असते, पण तारेवरून ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचली तर तोच ट्रान्सफॉर्मर उलट दिशेने काम करून तिची हजारो व्होल्ट करतो. म्हणजे मांडवातला दिवा लागावा म्हणून चालू केलेलं यंत्र दोन गावं पलीकडच्या खांबावरच्या माणसाला मारू शकतं. ज्याने बटण दाबलं त्याला कळणारही नाही.

आणि जीव मुठीत धरून केलेल्या या कामाबद्दल मिळतं काय? बहुतेक वेळा शिव्या. लाईट आहे तोवर कुणाला वायरमनची आठवण येत नाही. पहिल्या पावसात ती जाते, तेव्हा लोक म्हणतात, "चार थेंब पडले की यांची लाईट जाते!" त्याचं कारण साधं आहे. खांबावर तारेखाली चिनी मातीचे इन्सुलेटर असतात. ते एप्रिल-मेच्या उन्हात तापलेले असतात. त्यावर पावसाचं गार पाणी पडलं की तडा जातो, तड्यातून वीज खांबात उतरते आणि फीडर बंद पडतो. मग कोणत्या खांबावर तडा गेला ते अंधारात, पावसात, बॅटरी घेऊन चालत शोधायचं. आमच्या दारावर तर फोन नसताना रात्री दोनला थाप पडायची. शाळेतही पालक मला गाठायचे, "बाई, तुमच्या साहेबांना सांगा जरा." साहेब कुठले, खाकी कपड्यातला लाईनमन!

सगळ्यात जड जायचं ते थकबाकीचं काम. बिल न भरणाऱ्याची लाईट तोडायची, ती याच हातांनी. ज्या वाडीत स्वतः खांदा देऊन खांब उभा केला, तिथेच शिडी लावून तार कापायची. एकदा माझ्याच वर्गातल्या मुलीच्या घरची कापली. दुसऱ्या दिवशी तिने गृहपाठ आणला नव्हता, आणि का ते तिनेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरी आल्यावर यांना म्हटलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही का?" हे म्हणाले, "वाटतं. पण जे भरतात त्यांना काय सांगू?" या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पुढे त्या मुलीच्या वडिलांनी हप्त्याने पैसे भरले आणि जोडायलाही हेच गेले.

मोठेपणाचे तोटे बोलून दाखवणारे खूप असतात. मला त्याचा फायदाही दिसला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा खांब काडीसारखे मोडले. करोनाचे दिवस, लोक घराबाहेर पडायला घाबरत होते. तरी दुसऱ्या जिल्ह्यांतली माणसं तिकडे गेली, शाळांमधून राहिली आणि उन्हापावसात खांब उभे केले. कधी न पाहिलेल्या गावात, न ओळखणाऱ्या ऑपरेटरकडून परमिट घेऊन ती वर चढली. त्याआधी दोन महिने, ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे बंद झाले, ते आठवतं? आपण गॅलरीत पणत्या लावत होतो. तेव्हा देशाची विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली आणि पुन्हा चढली. धरणांवरची वीज पटापट कमी-जास्त करून ती सांभाळली गेली. जाळं कोलमडलं असतं तर काय होतं, ते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताने पाहिलं आहे. साठ कोटींहून अधिक लोक अंधारात गेले होते. नऊ मिनिटांत काहीच घडलं नाही, म्हणून त्याची कुणी आठवणही ठेवली नाही. या नोकरीचं हेच आहे. चांगलं काम म्हणजे काहीच न घडणं.

आता मारुंजीत शेतांच्या जागी टॉवर उभे आहेत. तारा बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली गेल्या. वादळाऐवजी जेसीबी केबल तोडतो. वायरमनला आता "जनमित्र" म्हणतात, ४ मार्चला लाईनमन दिवसही साजरा होतो. हातात मोबाईल आहे. कंत्राटी मुलं खूप आहेत, त्यांची काळजी वाटते. पण परमिटचा नियम तोच आहे, आणि तो कागद हातात येईपर्यंत थांबण्याचा धीर तोच लागतो. म्हणून त्या मुलाच्या आईला मी एवढंच म्हटलं, त्याला म्हणावं, घाई करणाऱ्या माणसासमोर थांबायला शिक. बाकी सगळं ट्रेनिंगमध्ये शिकवतात.

आणि वाचकहो, तुमच्यासाठीही एक आहे. घरी किंवा दुकानात जनरेटर असेल, तर चेंजओव्हर स्विच आहे का ते जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. हल्ली छतावर सोलर बसवणारे विचारतात, "लखलखीत ऊन आहे, पॅनेल आहेत, मग लाईन गेली की आमचं सोलर का बंद पडतं?" साध्या, बॅटरी नसलेल्या सोलरची रचना मुद्दाम तशी केलेली असते. बाहेरची वीज गेली की त्यानेही गप्प बसायचं, तारेत वीज सोडायची नाही. कारण त्या वेळी पुढच्या खांबावर कुणीतरी चढलेलं असू शकतं.