नवव्यांदा निवडून आलेला माणूस

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत एका काँग्रेसी खासदारावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही धम्मबांधवांना पडेल. उत्तर सोपे आहे. आपल्या वसतिगृहात राहून शिकून गेलेल्या कितीतरी मुलामुलींना लहानपणी माणिकराव होडल्या गावित यांच्याशिवाय दुसरा खासदार ठाऊकच नव्हता. १९८१ च्या पोटनिवडणुकीत ते प्रथम लोकसभेत गेले आणि २०१४ पर्यंत सलग नऊ वेळा नंदुरबारने त्यांनाच पाठविले. १९८९ आणि १९९६ मध्ये दिल्लीत काँग्रेसची सत्ता गेली; येथील जागा मात्र हलली नाही.

नवापूर तालुक्यातील या आदिवासी नेत्याचा जन्म १९३४ चा, म्हणजे पुणे करारानंतर दोनच वर्षांनी. हा योगायोग आम्हास इतिहासाचा शिक्षक म्हणून नेहमी विचारात पाडतो. त्या कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा आल्या. राखीव जागेवरून कोण निवडून येणार, हे मग इतरांच्या मतांवर ठरू लागले. खुद्द बाबासाहेबांना १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात पराभव पाहावा लागला. ज्यांनी हक्क मिळवून दिला ते बाहेर, आणि पक्षाच्या चिन्हावर उभा राहिलेला आत! ही वेदना आपल्या चळवळीला नवी नाही.

नंदुरबारची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. येथे आदिवासी मतदार कुणाच्या कृपेवर नाही. तोच बहुसंख्य आहे. तरीही उमेदवारी ठरत आली ती पक्षाच्या दरबारात. माणिकरावांची निष्ठा अविचल होती, आणि त्या निष्ठेचे फळही त्यांना मिळाले. २००४ ते २००८ या काळात ते केंद्रात गृह राज्यमंत्री होते. २०१३ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री झाले. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला तेव्हा ते सरकारात होते. पण त्या कायद्यावर नंदुरबारचा म्हणून एक बुलंद आवाज घुमला, असे आमच्या स्मरणात नाही. ते वक्ते नव्हते, हे त्यांचे चाहतेही मान्य करतील.

आणि तरीही जून २००९ मधील एक दृश्य आम्ही दहावीच्या वर्गात दरवर्षी सांगतो. पंधराव्या लोकसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून ज्येष्ठतेने माणिकराव आसनावर बसले. सोनिया गांधी, लालकृष्ण अडवाणी यांच्यासह साऱ्या सभागृहाने त्यांच्यापुढे शपथ घेतली. मोलगी-धडगावकडून आलेली, ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात अशी मुले हे ऐकताना ताठ बसतात. नंतर त्यांच्यातलीच एखादी मुलगी विचारते, "मग सर, आमच्या पाड्यावर डॉक्टर का नाही?" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एवढेच आम्ही तिला सांगू शकतो.

२०१४ मध्ये भाजपच्या तरुण डॉक्टर हीना गावित यांनी त्यांचा पराभव केला. सप्टेंबर २०२२ मध्ये वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी ते निवर्तले. श्रद्धांजलीच्या भाषणांतून त्यांच्या साधेपणाचे कौतुक झाले, ते यथार्थच होते. आमच्या मते त्यांचे मोठेपण साधेपणापेक्षा चिकाटीत होते. एका डोंगराळ, राखीव, दिल्लीपासून दूरच्या जागेवरचा माणूस तेहतीस वर्षे संसदेत उभा राहू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. तेथे उभे राहून काय मागायचे, याचा हिशेब त्यांच्या हयातीत अपुरा राहिला. संविधानातील राखीव जागांची मुदत आता २०३० पर्यंत आहे. त्या वर्षी आज आपल्या शाळेत असलेली कितीतरी मुले मतदानाच्या वयाजवळ पोचलेली असतील.