मुलाला पैसे, मुलीला मिक्सर



दशलक्षण पर्वाच्या आधी आपल्या सगळ्यांच्याच घरी आवराआवर असते. यंदा मी माळा काढला, तर दोन जुने मोबाईल, तारांचा एक गुंता आणि मिक्सरची दोन जास्तीची भांडी निघाली. त्याच आठवड्यात पुण्याच्या मुलाने नवा फोन घेतला आणि त्याचा जुना माझ्याकडे पाठवला. मग माझा कुणाला? मी लगेच लातूरला लेकीला फोन लावला.

"अगं, माझा फोन तू घेऊन जा. पोरीला अभ्यासाला होईल."

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, या वेळी नको गं."

"का?"

"असू दे. आहेत घरात."

आवाजात राग नव्हता, पण मला ते लागलं. आजवर दिलेलं तिने कधी परत केलं नव्हतं.

आपल्या घरात जुनी वस्तू देणं यात कमीपणा कधीच नव्हता. सासऱ्यांचं एचएमटीचं घड्याळ यांच्या हातावर आलं. कंपनीचा घड्याळांचा कारखाना बंद पडला, तरी घड्याळ रोज किल्ली दिली की चालतं. सासूबाईंच्या शिलाई मशीनवर मी लेकीची झबली शिवली आणि नातीचीही. पण त्या वस्तू देणाऱ्याच्या पश्चातही टिकणाऱ्या होत्या. मोबाईलचं तसं नाही. चार-पाच वर्षांत बॅटरी उतरते, नवीन अ‍ॅप चालत नाही, बँकेचं तर नाहीच नाही. आपण तोंडाने "दिलं" म्हणतो, पण खरं तर आपल्या घरातली अडगळ दुसऱ्याच्या घरात जाते.

त्या रात्री झोप लागली नाही. मी नांदेडला बी.कॉम. केलं, तेव्हा आपल्याकडे औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ होतं. नोकरी केली नाही, पण घरखर्चाची वही चाळीस वर्षं लिहिते आहे. सकाळी जुन्या वह्या काढल्या आणि एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे मुलगा, उजवीकडे मुलगी. शिक्षण दोघांचं सारखं झालं होतं, ते दोन्हीकडून वगळलं. लग्नंही दोन्ही आम्हीच केली. लेकीला सोनं घातलं तसं सुनेलाही घातलं. ते फिटलं.

उरलं ते असं. मुलाकडे : पुण्याच्या फ्लॅटसाठी 4 लाख रुपये. मुलीकडे : आमचा जुना फ्रिज (भोकरहून नांदेडमार्गे टेम्पोने पाठवला होता, भाडं जावयांनी दिलं), मिक्सर, धुण्याचं मशीन, भावाचा लॅपटॉप, तीन मोबाईल.

उजवी बाजू लांब होती. तीच बघून मी इतकी वर्षं समाधानात होते, लेकीला किती दिलं म्हणून. मग कॉलेजातला घसारा आठवला. आयकरात संगणकाला वर्षाला 40 टक्के घसारा धरतात. 40,000 चा लॅपटॉप तीन वर्षं वापरून तिला दिला, म्हणजे 8,640 रुपयांचा दिला. आणि 7 टक्के चक्रवाढ व्याजाने पैसे दहा वर्षांत जवळपास दुप्पट होतात. मुलाला वाढणारं दिलं, मुलीला घटणारं.

यांना कागद दाखवला. "अगं, तिचं लग्न केलं की थाटात," हे म्हणाले. मी म्हटलं, "अहो, त्याचंही केलंच की." हे काही बोलले नाहीत.

हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये त्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण माझ्या मनावर कायद्याचा परिणाम झाला नाही, तो स्वाध्यायाचा झाला. उत्तम त्यागाच्या दिवशी आदिपुराणाचा विषय निघाला. नवव्या शतकातले आचार्य जिनसेन, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे गुरू. गृहस्थाने घर सोडताना संपत्तीचे तीन भाग करावेत, असं ते सांगतात. एक धर्मकार्याला, एक घरखर्चाला आणि एक मुलांत वाटायला. आणि या वाटणीत मुलीही मुलांच्या बरोबरीने समान वाट्याला पात्र आहेत, हेही स्पष्ट सांगतात. राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. माझी लेक तिथेच राहते आणि मी तिला जुना मिक्सर पाठवत होते!

माझ्या नावावर माहेरच्या पैशांची एक मुदत ठेव होती, ती पिकत आली होती. आधी मुलाला फोन केला. त्याने विचारलं, "म्हणजे मी परत करायचे का?" म्हटलं, "नाही रे, तुला दिले ते दिले. आता तिला देते आहे, ते तुला माझ्याकडून कळावं म्हणून सांगितलं." तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या कधी लक्षातच आलं नाही, आई." माझ्या तरी कुठे आलं होतं?

लेक आधी नाहीच म्हणाली. माहेरून पैसे आणले म्हटल्यावर सासरी काय वाटेल, ही तिची भीती. जावयांशी हे बोलले, तेव्हा तयार झाली. 4 लाख बँकेतून तिच्या खात्यावर पाठवले आणि बक्षीस दिल्याचा साधा कागद करून ठेवला. आई-वडिलांकडून मिळालेल्या बक्षिसावर मुलांना कर लागत नाही. सुनेच्या नावावर दिले, तर मात्र त्याचं व्याज आपल्याच उत्पन्नात धरतात, तेवढं लक्षात ठेवा. व्याजाचा फरक मला भरून काढता आला नाही. तो कागदावर तसाच लिहून ठेवला आहे.

मैत्रिणींनो, एकदा तुम्हीही कागदावर मधोमध रेघ मारून बघा. जुनी वस्तू जरूर द्या, पण "हवी आहे का" असं विचारून द्या, आणि ती वाट्यात मोजू नका. माळ्यावरचे दोन मोबाईल मी त्यातलं सगळं पुसून ई-कचऱ्यात दिले.

क्षमावाणीला दरवर्षी आपण जाणता-अजाणता झालेल्या चुकांची क्षमा मागतो. या वेळी लेकीला फोन करून नेमकी चूक सांगितली आणि मग क्षमा मागितली. दोघीही रडलो. फोन ठेवताना ती म्हणाली, "आई, पण मिक्सर परत मिळणार नाही हं. चटणी त्याच्यातच चांगली होते."