हजेरी

पिएर सेरेसोल हे नाव आपल्या सिव्हिलच्या एकाही टेक्स्टबुकात नाही. खरं तर असायला हरकत नव्हती. माणूस अस्सल इंजिनिअर. स्वित्झर्लंडचा, १८७९ सालचा जन्म, झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला. (आइनस्टाइनही त्याच सालचा आणि त्याच संस्थेचा, म्हणजे बॅच भारीच म्हणायची!) वडील एका वर्षी देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. कुठल्याही कंपनीने पायघड्या घातल्या असत्या. या गृहस्थाने वारसाहक्काने आलेला पैसा सरकारला देऊन टाकला आणि सैन्यात जात नाही म्हणून जो कर भरावा लागायचा, तो भरायला नकार देऊन तुरुंगवास पत्करला. श्रद्धावान ख्रिस्ती माणूस. येशूने शत्रूवर प्रेम करायला सांगितलंय, तर बंदुकीसाठी पैसे का द्यायचे, इतकं सरळ गणित.

पहिलं महायुद्ध संपल्यावर ख्रिस्ती शांततावाद्यांच्या बैठका भरत. भाषणं भरपूर. त्यातूनच कल्पना निघाली की लढाईत जी गावं जमीनदोस्त झाली, तिथे जाऊन घरं बांधायची, आणि त्या टोळीत जर्मनही हवेत. १९२० च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या व्हर्दूनजवळच्या एन नावाच्या गावात पहिली छावणी लागली. लाकडी घरं, रस्ते, ढिगारे उपसणं. पाचेक महिन्यांत काम गुंडाळावं लागलं, कारण गाव म्हणालं की आम्हाला जर्मन नकोत. ज्यांनी पाडलं त्यांच्याच हातून घर बांधून घ्यायचं? फुकट असलं तरी नको. मला यात गावाचा राग येत नाही. उलट, फुकट मिळणाऱ्या वस्तूला तोंडावर ‘नको’ म्हणणारी माणसं मला आवडतात.

तर ही झाली ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेची सुरुवात. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा हाच सेरेसोल तिथे आला आणि पुढची दोन-तीन वर्षं येऊन-जाऊन राहिला. राजेंद्रप्रसादांकडे मदतकार्याची धुरा होती, त्यांच्याबरोबर काम केलं. पन्नाशी ओलांडलेला युरोपियन बिहारच्या उन्हात माती वाहतोय. १९४५ साली तो गेला. पण त्याची संघटना स्वातंत्र्यानंतरही भारतात येत राहिली, आणि १९५० च्या दशकात तिचे स्वयंसेवक आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी तिथे इमारती बांधल्या.

हे सगळं मला लायब्ररीत कळलेलं नाही. सेकंड इयर संपल्यावर मी सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलो होतो, तिथे एका रात्री हा विषय निघाला. सोमनाथ म्हणजे गुजरातचं नव्हे. मूल तालुक्यातलं, चंद्रपूरपासून दीड तासावरचं. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये तिथे प्रकल्प सुरू केला. श्रमिकांचं विद्यापीठ काढायचं त्यांच्या मनात होतं, त्यातूनच दरवर्षीची ही तरुणांची छावणी आली. मे महिन्यातली छावणी! चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, आपल्या हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर दुपारी जे होतं ना, ते तिथे सकाळी नऊलाच होतं. म्हणून काम पहाटे.

आता थोडं घरचं. माझे वडील गवंडी आहेत. बारावीपर्यंत सुट्टीत त्यांच्या हाताखाली मी माल कालवलाय, विटा भिजवल्यात, ओळंबा धरलाय. आमच्या गावात आणि आसपास त्यांनी बांधलेले बंगले मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. आमचं स्वतःचं घर मात्र अजून पत्र्याचं आहे. त्यामुळे छावणीला जातोय असं घरी फोनवर सांगितलं तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न होता, ‘‘हजेरी किती देत्यात?’’

मी म्हटलं, काही नाही. उलट जायचं भाडं आपणच काढायचं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘मग तिथल्या गवंड्याला काम नको का?’’

मित्रांनो, हा प्रश्न मी आठ दिवस डोक्यात घेऊन फिरलो. कारण तो बरोबर होता. पुण्या-मुंबईचा, कोल्हापूरचा पोरगा रात्रभर गाडीने येतो, त्याच्या जाण्यायेण्याच्या पैशात तिथल्या माणसाचे दोन-चार दिवस भरले असते. आणि त्या माणसाचं काम आमच्यापेक्षा चौपट झालं असतं! पहिल्या दिवशी आमच्या गटात फावडं कसं धरायचं हे माहीत असलेले तिघं होतो. बाकीच्यांच्या हाताला तासाभरात फोड. एक जण घमेलं इतकं भरायचा की उचलायला दोघं लागायचे. मी सांगितलं, ‘‘अर्धं भर, दुप्पट फेऱ्या होतील.’’ तेवढ्यावरून आठवडाभर माझं नाव ‘मुकादम’ पडलं. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण कामाचा हिशेब म्हणून पाहिलं तर आम्ही आठ दिवसांत जे केलं ते जेसीबीने दुपारपर्यंत केलं असतं.

माझा रूम पार्टनर नगरकडचा, ख्रिश्चन. त्याच्या चर्चची तरुण मुलं उन्हाळ्यात कुठल्या तरी गावी घर बांधायला जातात. दिवसा विटा, संध्याकाळी प्रार्थना. ते त्याला मिशन ट्रिप म्हणतात. त्याने मला आधीच छेडलं होतं, ‘‘आम्ही गेलो की तुम्हाला संशय, तुम्ही गेलात की श्रमसंस्कार. फरक काय रे?’’ फरक एकच विचारावा असं मला वाटतं. ज्याच्यासाठी भिंत उभी राहते, त्याने बदल्यात काही बदलायचं आहे का? देव, नाव, मत, काहीही. आनंदवनात आलेल्या त्या स्वयंसेवकांनी तसं काही मागितलं नाही. आणि न्यायाने बोलायचं तर कुष्ठरुग्णांना आपल्याकडे कोणी दाराशी उभं करत नव्हतं, तेव्हा मिशनची माणसं त्यांच्या जखमा धूत होती. परतवाड्याजवळ कोठाऱ्याचं कुष्ठरोग्यांचं दवाखाना-गाव मिशननेच चालवलं. चांद्यालाही स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन इंग्रजी अमलापासून होतं. रूम पार्टनरशी वाद घालताना हे मी मान्य करतो, बाकी मुद्द्यांवर आमचं रात्री दोनपर्यंत चालतं.

छावणी संपल्यावर आम्ही आनंदवनात एक दिवस थांबलो. १९४९ मध्ये बाबा आणि साधनाताईंनी महारोगी सेवा समिती काढली, पुढे वरोऱ्याबाहेरच्या दगडाळ, विंचवांच्या जमिनीवर सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्यावर वस्ती सुरू झाली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकलेली. विहीर खणली, भाजी पिकवली. पण वरोऱ्यातलं कोणी ती भाजी घेईना. महारोग्याने लावलेली भाजी कोण खाणार? मग ते परदेशी तरुण आले. रुग्णांबरोबर विटा वाहिल्या, तिथेच राहिले, तिथेच जेवले. गावातले लोक आधी गोरे लोक बघायला म्हणून आले. बघतात तर हे रुग्णांच्या पंगतीला बसलेले! आणि काही दिवसांनी कोणालाही काही झालेलं नाही. तिथून भीती ओसरायला लागली असं सांगतात.

हे ऐकलं आणि वडिलांच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं. त्या इमारती गवंडी बांधू शकला असता, पैसे दिले तर अधिक चांगल्या. पण तेव्हा वरोऱ्यातला गवंडी तिथे पाऊल टाकायला तयार झाला असता का? आणि पंगतीला? त्या स्वयंसेवकांनी विटा रचल्या ते काम हजेरीचं होतं. जेवले, त्याची हजेरी कोणी काढायची?

म्हणजे भिंत निमित्तमात्र, असं मात्र मी म्हणणार नाही. गवंड्याच्या मुलाने तसं म्हणूच नये. वाकडी भिंत ही वाकडीच, ती कितीही प्रेमाने बांधलेली असो. घर बांधायला जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपने ओळंबा लावायला शिकून जावं, ही माझी कळकळीची विनंती! दहा दिवसांनी आपण फोटो काढून निघून जातो, राहणारा त्याच भिंतीखाली झोपतो.

आनंदवनात मला सगळ्यात जास्त काय लागलं, ते वेगळंच. तिथे एक आजोबा भेटले. रोग कधीच बरा झालेला, पण बोटं आखडलेली, दोन-तीन पेरं गेलेली. बोलता बोलता कळलं की ते बांधकामावर होते. मी वडिलांचं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मग तुला माहीत असेल, सिमेंट बोटं खातं.’’ माहीत आहे. पावसाळ्यात स्लॅबचं काम असलं की वडील रात्री बोटांच्या टोकांना खोबरेल लावून बसतात, भाकरी मोडताना चेहरा वाकडा होतो. आजोबांनी आपला हात पुढे केला. ‘‘आमची खायचं ते कळायचंच नाही.’’ कुष्ठरोगात नस मरते, हाताला गरम-गार कळत नाही, टोचलेलं कळत नाही. जखम झाली तर रक्त दिसल्यावर समजतं. असल्या हातांनी माल कालवायचा, वीट बसवायची. काम संपल्यावर आपलाच हात डोळ्यांनी तपासायचा.

आणि या हातांनी काय काय बांधलं? स्वतःची घरं तर बांधलीच. १९६४ मध्ये वरोऱ्यात आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झालं, त्याच्या इमारतीला कष्ट कुष्ठरुग्णांचे. शिकायला कोण? गावातली, आसपासची धडधाकट मुलं. ज्यांच्या घरच्यांनी एकेकाळी भाजी नाकारली होती, त्यांच्या मुलांसाठी वर्ग. एरवी अशा कामात गोष्ट एकाच दिशेने जाते. धट्टेकट्टे येतात, दुबळ्यांसाठी बांधतात, निघून जातात. इथे ती उलटी वळली. आम्ही वर्गात बसून ‘लो कॉस्ट हाउसिंग’वर सेमिनार देतो, त्यात लाभार्थी नावाचा एक शब्द असतो. आनंदवनात तो शब्द नक्की कोणाला लावायचा ते मला ठरवता येईना.

तिथून घरी यायचं होतं. पण आम्ही तिघांनी ठरवलं, एवढं आलोच आहोत तर हेमलकसा पाहूनच जाऊ. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. १९८२ पर्यंत हा चंद्रपूरचाच भाग होता. आलापल्लीनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूला नुसतं सागवान, मग बांबू, आणि एसटीत माडिया बाया-माणसं. भामरागडच्या अलीकडे लोकबिरादरी प्रकल्प, १९७३ च्या डिसेंबरात बाबांनी सुरू केलेला, पुढे प्रकाशभाऊ आणि मंदाताईंनी वाढवलेला. त्याबद्दल सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे, मी वेगळं काय लिहिणार?

मी लिहिणार आहे ते परतीच्या वाटेवरच्या एका घराबद्दल. गावाचं नाव लिहीत नाही. एसटी चुकली, पुढची संध्याकाळी. रस्त्यालगत एका घराची शाकारणी चालली होती. पावसाच्या आधी कवेलू काढून, फुटके बदलून, पुन्हा लावतात. लाकडाचे खांब, बांबूच्या ताट्यांना माती लिंपलेली, त्यावर कवेलूंचं छप्पर. चार-पाच जण वर, खाली बाया आणि पोरं हातोहात कवेलू देत होती. मुकादम नाही, आरडाओरडा नाही. आम्ही नुसते बघत उभे होतो, ते बरं दिसेना, म्हणून रांगेत उभे राहिलो. एका म्हाताऱ्याने माझ्या हातात कवेलू ठेवला आणि जरा वेळ बघितलं, मी पाडतो का ते. पाडला नाही. मग त्याने माझ्याकडे लक्ष देणं बंद केलं. आयुष्यात इतकं चांगलं सर्टिफिकेट मला मिळालेलं नाही.

मी एकाला विचारलं, हे सगळे मजुरीवर आलेत का? तो हसला. त्याचं मराठी मोडकं, माझं माडिया शून्य. जे कळलं ते असं: यंदा याचं घर, मग त्याचं. सगळ्यांनी जायचं. घरवाल्याने जेवण घालायचं. कोणी आलं नाही तर? असं कोण करतं, असा त्याचा चेहरा झाला. यांच्यात स्वयंसेवक नावाचं कोणी नव्हतंच. प्रत्येकाच्या डोक्यावर छप्पर होतं आणि प्रत्येक छप्पराला सगळ्यांचे हात लागलेले होते.

दुपारी पानावर भात आणि आंबट वरणासारखं काहीतरी. उकाड्याने जीव नकोसा झालेला, तरी दोनदा घेतलं. निघताना त्या म्हाताऱ्याने दुसऱ्याकरवी विचारलं, तुझं घर कसलं आहे? मी म्हटलं, पत्र्याचं. बांधायचं आहे पक्कं, बघू कधी जमतं.

तो म्हणाला, ‘‘बांधाल तवा सांगजा. येऊ आमी.’’

मी हसलो. तो हसला नाही. म्हणून मग सांगितलं, आमचं गाव लांब आहे, एक दिवस आणि एक रात्र गाडीत बसावं लागतं.

त्याने थोडा विचार केला. म्हणाला, ‘‘मंग धान कापून झाल्यावर बांधजा.’’