महागावचा मुक्काम

माहूरगडावर श्रीरेणुकेच्या दर्शनास जावे, असे आमच्या मंडळींच्या मनात पुष्कळ दिवस होते. कुलदैवताचे ऋण फार काळ थकवू नये, हे त्यांचे म्हणणे. आणि दिवाळीनंतर तिकडची हवा उत्तम असते, हे आमचे. दोन्ही कारणे जुळून आली आणि प्रवास घडला. गडाचे वर्णन येथे करीत नाही. वाचकांपैकी बहुतेकांनी तो स्वतः पाहिला असेल, किंवा घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल. परतताना धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडून आम्ही यवतमाळ जिल्ह्यात शिरलो आणि महागावास एका जुन्या स्नेह्यांकडे दोन रात्री राहिलो. त्या दोन रात्रींविषयीच काही लिहावयाचे आहे.

महागाव हे तालुक्याचे ठिकाण. नागपुराहून यवतमाळ, आर्णी यांवरून पुढे उमरखेड, नांदेड व तुळजापुराकडे जाणारा मोठा रस्ता या गावावरून जातो. ग्रामपंचायतीच्या जागी आता नगरपंचायत आली आहे, तरी गावाने आपला शेतकरी स्वभाव सोडलेला नाही. आम्ही गेलो तेव्हा गुंजच्या कारखान्याकडे उसाच्या गाड्या चालल्या होत्या, आणि रस्त्याच्या दोहों बाजूंस काळ्या जमिनीवर कापूस फुटून पांढरा झाला होता. शेताशेतांतून सीतादही होऊन वेचणी चालू होती. बाजाराच्या रस्त्याने जाताना मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरली. एका दुकानाच्या पाटीवर ‘औषधे’ असे लिहिलेले, आणि चार दुकाने सोडून दुसऱ्या पाटीवरही ‘औषधे’च. पहिल्या दुकानात तापाच्या गोळ्या मिळतात. दुसऱ्यात कपाशीवरच्या किडीचे विष. त्या वेळी आम्ही हसून पुढे गेलो.

आमचे स्नेही शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरची शेती पाहतात. सारे गाव त्यांस गुरुजी म्हणते, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो. घरात त्यांच्या वृद्ध मातोश्री, मुलगा, सूनबाई, चार वर्षांची नात आणि नुकताच एक वर्षाचा झालेला नातू. वाडा जुना, मातीच्या जाड भिंतींचा. पुढे सपरी, आत माजघर, मागे गोठा. माजघराचा निम्मा भाग कापसाने भरला होता. भाव चढेल या आशेने वेचलेला कापूस घरातच साठवून ठेवण्याची रीत त्या मुलखात सर्वत्र आहे. बाहेर ठेवला तर पाऊस, चोर आणि उंदीर. तुळईपर्यंत गेलेल्या त्या ढिगावरून मुलगी वारंवार घसरगुंडी खेळत होती. कापसातील बारीक किड्यांनी तिच्या हातापायांवर पुरळ उठले होते. वर उघड्या तारेवर विजेचा एक दिवा लोंबत होता. आमची मंडळी एकदा त्या दिव्याकडे पाहत आणि एकदा कापसाकडे. परंतु पाहुणा माणूस पहिल्याच दिवशी काय बोलणार?

संध्याकाळी मुलीने सपरीत भातुकली मांडली आणि आम्हांस चहास बोलाविले. पाणी घालून केलेला तो चहा तिने एका लहानशा, आतून रेघा ओढलेल्या पेल्यातून आमच्या हाती दिला. वास आला म्हणून पेला उलटून पाहिला. ते मोठ्या बाटलीचे झाकण होते. फवाऱ्यात किती ओतावे याचे माप त्यावर उठविलेले. आमचा चेहरा पाहून आजी म्हणाल्या, “काहून भेता जी? औषधाचं झाकण हाय थे. धुतलं हाय मी.”

ते झाकण जिचे होते ती बाटली सपरीतल्याच फळीवर होती. फळी फार उंच नव्हे. नातू बाजेला धरून उभा राहिला तर वर्षभरात तेथवर हात पोचावा. तीवर खोबरेल तेल, गुरांच्या जखमेचे मलम, पोरांच्या खोकल्याचे औषध, आणि फवारणी संपल्यावर उरलेल्या दोन बाटल्या, अशी सारी मंडळी एका पंगतीस बसली होती. आपल्याकडील कायद्याप्रमाणे कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत खूण असते. तांबडा रंग सर्वांत जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. या दोन बाटल्यांतील एक तांबडी होती, एक पिवळी. तांबडीवर कवटी व हाडांचे चित्रही होते. मुलांच्या हाती लागू देऊ नये असे तीवर छापलेले असते. परंतु ती अक्षरे मुंगीएवढी. शिवाय ज्याच्यासाठी ती छापली तो वाचक अजून रांगत होता.

रात्री जेवणानंतर आम्ही गुरुजींपाशी विषय काढला. ते रागावले नाहीत. म्हणाले, “आपण म्हणता ते खरे, पण ठेवावे कोठे? शेतात ठेवले तर रातोरात नाहीसे होते, आणि एकेक बाटली काय किमतीची असते हे आपणांस ठाऊक नाही. गोठ्यात गुरे. कोठीत धान्य. कुलूप लावावे तर फवारणीच्या दिवसांत गडी पहाटे येतो आणि किल्ली शोधत सारे घर उठवितो.” यांतले एकही कारण खोटे नव्हते. शहरात बसून ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आपण फार सहज वापरतो.

यवतमाळ जिल्ह्यास या विषाची ओळख नव्याने करून द्यावयास नको. सन 2017 च्या पावसाळ्यात फवारणी करताना विष अंगात भिनून या एका जिल्ह्यात वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो इस्पितळात पडले. त्यानंतर मुखवटे, हातमोजे, चष्मे यांची पुष्कळ चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. परंतु ती सारी शेताच्या बांधापर्यंतची. फवारा संपल्यावर उरलेली बाटली घरी येते, तिच्यामागे कोणी आत आले नाही. रिकामी बाटलीही घरीच येते. ती फोडून वस्तीपासून दूर पुरावी असा नियम 1971 पासून आहे. पण घट्ट झाकणाचा चांगला डबा फोडावयास गृहिणीचे मन घेत नाही. बिहारात सारण जिल्ह्यातील गंडामन गावी 16 जुलै 2013 रोजी शाळेतील दुपारचे जेवण जेवून 23 मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कपाशीवरही फवारले जाणारे विष मिसळलेले निघाले. ते तेल विषाच्या रिकाम्या डब्यात ठेविले गेले होते, असे तपासात दिसले. गुरुजींना हे आठवत होते. मात्र आपल्या घरच्या झाकणाशी त्याचा संबंध त्यांनी कधी लावला नव्हता, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही लावला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई आल्या. गावोगावच्या या आरोग्यसेविकांची योजना 2005 सालची; 2018 पासून त्यांजकडे आणखी एक काम आले आहे. मूल तीन, सहा, नऊ, बारा व पंधरा महिन्यांचे होईल तेव्हा घरी जाऊन त्याची विचारपूस करावयाची. या बाई मोठ्या चटपटीत. त्यांनी नातवाचे खाणेपिणे विचारले, टोचणीचा कागद पाहिला, सूनबाईंना हात धुण्याची पद्धत करून दाखविली, आणि रक्तवाढीच्या लोहाच्या औषधाची बाटली दिली. “हप्त्यातून दोनदा एकेक मिली, विसरू नका,” असे बजावले. सूनबाईंनी बाटली घेतली आणि विसर पडू नये म्हणून समोरच ठेविली, त्याच फळीवर, पिवळ्या खुणेच्या बाटलीस लागून.

आम्ही काही बोलण्यापूर्वी आशाताईंचे लक्ष गेले. त्या थबकल्या. मग म्हणाल्या, “वहिनी, तिथं नको.” याच जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे 31 जानेवारी 2021 रोजी बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करण्याचे द्रव्य पाजले गेले होते. मुले सुदैवाने बरी झाली. पण शिकविलेल्या माणसांच्या हातूनही बाटली बदलते, हे त्यांच्या मनात कायमचे बसले होते. लोहाचे औषध गोड असते, आणि मुलाने सारी बाटली एकदम तोंडास लावली तर तेही घातकच, असे त्यांनीच सांगितले.

आम्ही त्यांस विचारले, या भेटीत विष कोठे ठेवता असेही विचारावयाचे असते काय? त्या हसून म्हणाल्या, “विचारायला हरकत नाही, पण लिहायला रकाना नाही.” आम्हांस ही गोष्ट लहान वाटत नाही. मूल नवव्या महिन्यात रांगते, बाराव्यात उभे राहते, पंधराव्यात बाजेवर चढू लागते. नेमक्या त्याच महिन्यांत सरकारचे एक शहाणे माणूस घराच्या आत, सपरीपर्यंत येऊन बसते. न्हाणीघर, नळ, घरकूल यांची मोजदाद करणारे पुष्कळ येतात. पण ते घर पाहतात, मूल पाहत नाहीत. ही बाई दोन्ही पाहते. तिने जाता जाता फळीवर एक नजर टाकावी, एवढ्यासाठी नवे खाते उघडावयास नको.

याला कुलूपपेटी हा उपाय पुष्कळांस सुचतो. श्रीलंकेत अनुराधपूर जिल्ह्यात 180 गावांत तो मोठ्या प्रमाणावर करून पाहिला होता. निम्म्या गावांतील शेतकऱ्यांस कुलपाच्या पेट्या वाटल्या. मोठ्या माणसांचे आत्मघात त्याने कमी झाले नाहीत, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. किल्ली ज्याच्या कमरेस त्यास पेटीचा अडसर कसला? त्या दुःखाला अतिजहाल विषे बाजारातूनच काढणे हाच मार्ग, आणि तो श्रीलंकेने पुष्कळ अंशी स्वीकारला. परंतु दीड वर्षाच्या मुलाजवळ किल्ली नसते. कॅनडातील विंडसर शहरी हेन्री ब्रो नावाचे बालरोगतज्ज्ञ गोळ्या गिळलेली मुले तपासून तपासून इतके कंटाळले, की 1967 मध्ये दाबून फिरविल्याशिवाय न उघडणारे झाकण त्यांनी प्रचारात आणविले. मुलांना शिकवून, आयांना रागावून जे झाले नव्हते, ते त्या झाकणाने केले.

त्या दुपारी गुरुजींनी माळ्यावरची आपली शाळेच्या वेळची पत्र्याची पेटी काढली. गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीत, पुरुषभर उंचीवर, दोन खुंट्या ठोकून ती बसविली. दोन्ही बाटल्या आत गेल्या. किल्लीचा प्रश्न आजींनी सोडविला: ती गड्याच्या हाती लागेल पण पोरांच्या नाही अशा जागी, दाराच्या चौकटीवरच्या खिळ्यास. झाकणांचा सारा संच आजींनी स्वतः चुलीजवळून उचलून आणला, सहा निघाले. मुलीने मात्र आपला पेला गेला म्हणून आकांत मांडला, तेव्हा आमच्या मंडळींनी प्रवासाच्या सामानातील पितळी फुलपात्र तिला दिले. दिव्याची तार मुलाने संध्याकाळी बांधून घेतली. कापूस तेथेच राहिला. त्यास भाव येईपर्यंत इलाज नाही.

निघताना आशाताईंनी सांगितलेले दोन शब्द आम्ही टिपून घेतले, ते वाचकांच्या उपयोगी पडतील. मुलाने काही प्यायले अशी शंका आली, तर मिठाचे पाणी पाजून अथवा बोटे घालून ओकवू नये. रॉकेलसारखे द्रव्य असेल तर ओकारीने ते फुप्फुसात शिरते व जास्त अपाय करते. बाटली सोबत घेऊन तडक इस्पितळ गाठावे, कारण कपाशीच्या पुष्कळशा विषांवर उतारा आहे. पण कोणते विष ते डॉक्टरास कळले पाहिजे. रुग्णवाहिकेसाठी 108, आणि दिल्लीच्या एम्समधील विषमाहिती केंद्राचा विनामूल्य क्रमांक 1800 116 117.

घरी आलो त्या रात्री प्रसादाचे तबक काढण्यास मंडळी देवघरात गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आम्ही जाऊन पाहिले. चौरंगावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, खडीसाखरेची वाटी होती आणि तिच्या शेजारी कापराची उघडी डबी. दोन्ही पांढरी, दोन्ही खडेदार. कापराचा लहानसा तुकडाही लहान मुलाच्या पोटात गेला तर काही मिनिटांत आकडी येऊ शकते, हे आम्ही कधीतरी वाचले होते. आमच्या घरी लोणच्याच्या बरणीस पारोशाने कोणी हात लावू शकत नाही. सोवळ्याच्या वस्त्रास मूल शिवले तर केवढा गहजब होतो! आणि आमचा नातू दर सुटीत या चौरंगाशी बसून घंटा वाजवितो.

डबी आता वरच्या कोनाड्यात असते. आरतीच्या वेळी मंडळींचा हात तेथवर पुरत नाही, म्हणून रोज सायंकाळी हाक येते, आणि हातातले वर्तमानपत्र बाजूस ठेवून आम्हांस उठावे लागते.