बीडकडील महालक्ष्म्यांचे मुखवटे

भाद्रपदांत बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून केजवरून अंबेजोगाईस जाणाऱ्या प्रवाशानें योगेश्वरीचें दर्शन तर घ्यावेंच. पण अनुराधा नक्षत्र लागलें असल्यास एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवरही थोडें थांबावें, असें आम्ही सुचवूं. कुलस्वामिनीसाठीं कोंकणस्थ मंडळी येथें दुरून येतात. गांवच्या माजघरांतून या दिवसांत काय चाललेलें असतें, तें मात्र बहुतेकांच्या दृष्टीआड राहतें.

पुण्याकडे ज्यांना ज्येष्ठागौरी म्हणतात, त्याच मराठवाड्यांतील महालक्ष्म्या. ज्येष्ठा व कनिष्ठा अशी ही जोडी. वर्षभर त्यांचें अस्तित्व म्हणजे फडक्यांत गुंडाळून पेटींत ठेवलेले दोन पितळी मुखवटे. आवाहनापूर्वीं ते चिंचेनें लखलखीत घांसतात आणि तबकांत ठेवून, उमटविलेल्या पावलांवरून घरांत आणतात. पत्र्याची कोठी हें त्यांचें धड. क्वचित् मडक्यांची उतरंड. त्यावर जरीकांठी लुगडें नेसवून मुखवटा बसविला कीं, क्षणापूर्वीं जें भांड्यांच्या जातीचें होतें, त्यापुढें घरांतील थोरली बाईही पदर सांवरते! दुसऱ्या दिवशीं ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणाचा महानैवेद्य, सोळा भाज्या, आंबील, वर टांगलेला फुलोरा. तिसऱ्या दिवशीं मूळ नक्षत्रावर विसर्जन. मुखवटे पुन्हां पेटींत.

पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोकांत याला विलक्षण जवळची चाल आहे. नायजेरिया व बेनिन येथील गेलेडे उत्सवांत कोरीव लांकडी मुखवटे डोक्यावर चढवून पुरुष नाचतात, तेही बहुधा जोडीजोडीनें. वृद्ध व दिवंगत मातांचें सामर्थ्य प्रसन्न राहावें, हा त्यांतील हेतु. युनेस्कोच्या वारसायादींत २००८ सालीं हा उत्सव समाविष्ट झाला. त्यांच्या एगुंगुन विधींत तर वस्त्रांनीं नखशिखांत झांकलेल्या रूपानें पूर्वजच परत येतात, अशी श्रद्धा आहे. आपल्या घरीं मुखवटा कोणी घालीत नाहीं. उलट त्यालाच देह घडवून द्यावा लागतो. महालक्ष्म्या पूर्वज नव्हेत, देवता होत, हें खरें. तरी ज्या मुखास पणजीसासूनें हळदकुंकू लाविलें, त्याच मुखास आजची सून लाविते. आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोंच अविधवा नवमीस, सवाष्ण गेलेल्या स्त्रियांचें स्मरण त्याच घरांत होतें. लेकी सासरीं जातात. हे चेहरे सांभाळतात त्या परघरून आलेल्या सुना.

अडचण येते ती वांटणीच्या वेळीं. शेत व भांडीं वांटतां येतात. जोडी फोडतां येत नाहीं. कोठें थोरल्या घरीं सर्व भाऊ जमतात, कोठें पाळी लावतात, कोठें धाकटा नवी जोडी बसवितो. आतां मुलें पुण्यास, कांहीं परदेशीं, आणि वाडे कुलुपबंद. बाजारांत गुलाबी गालांचे प्लास्टरचे मुखवटे मिळतात, तेही दिसावयास सुबक असतात. आम्हांस मात्र घांसून घांसून नाक झिजलेलीं जुनीं पितळी तोंडेंच अधिक आवडतात. तीं पेटींत सुरक्षित राहतील; पण देह बांधण्याची रीत कोणत्याच पेटींत नसते. तेव्हां जोडी कोणाकडे जावयाची हें सासूबाईंच्या हयातींतच ठरवावें, आणि कोठीची उंची, लुगड्याच्या निऱ्या, फुलोऱ्यांतील पदार्थ, हें सर्व त्यांजकडून यंदाच लिहून घ्यावें.